गेनभाऊंच्या गाडीची पोटफुगी

आमच्या दवाखान्याच्या केस रजिस्टरात एक नोंद होती. जनावर: मोटारसायकल. वय: अठरा वर्षे. रंग: काळा. रोग: पोटफुगी. उपचार: नळी घातली. मालकाच्या रकान्यात गेनभाऊंचं नाव आणि खाली डॉक्टर म्हणून माझी सही. मी तेव्हा नवा होतो आणि गेनभाऊंनी पुढे सरकवलेल्या कुठल्याही कागदावर डोळे झाकून सही ठोकायचो. तपासणीला आलेल्या साहेबांनी ती नोंद मोठ्यानं वाचली, त्यावर हिरवी टिक मारली आणि विचारलं, "जगलं का?" गेनभाऊ हात बांधून उभे होते. म्हणाले, "जगलं साहेब, पन ठिबकतंय अजून." साहेबांनी शेरा लिहिला, 'पाठपुरावा करावा'. सरकारी खात्यात असले शेरे रोज पडतात आणि कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. गेनभाऊंनी मात्र तो पाठपुरावा पुढची कितीतरी वर्षं केला.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नारायणगावच्या वरच्या अंगाला आमचा जनावरांचा दवाखाना होता. दोन खोल्या, जनावर अडकवायचा एक लोखंडी खोडा, एक कडुलिंब. मी डॉक्टर आणि गेनभाऊ व्रणोपचारक, म्हणजे जखमा धुणारे, पट्टी बांधणारे, जनावर धरून ठेवणारे. कागदावर एवढंच. बापाची मेंढरं होती, लहानपण आंबेगावच्या माळांवर कळपामागं गेलेलं, त्यामुळं जनावराच्या पोटात काय चाललंय हे त्यांना माझ्या आधी कळायचं. मी पुस्तक आठवत उभा असायचो तोवर त्यांचा हात पोटावर फिरून झालेला असायचा. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

टोमॅटोचा बाजार पडला की लोक पाटीच्या पाट्या टोमॅटो गाईम्हशींपुढं ओतायचे आणि संध्याकाळपर्यंत पोटं फुगलेली जनावरं आमच्या दारात उभी राहायची. गेनभाऊ डाव्या कुशीवर बोटानं टिचकी मारायचे, कान लावायचे आणि मला म्हणायचे, "आधी वारा, मग औषध." मग नळी घालायची, फुस्स करून वारा सुटायचा, आम्ही दोघं तोंड फिरवायचो आणि जनावर उठून उभं राहायचं. हे त्यांचं ब्रीदवाक्यच होतं आणि ते कुठंही लावायला त्यांना लाज वाटायची नाही. बांधावरून भांडणारे दोन सख्खे भाऊ एकदा दवाखान्यात आले, तर गेनभाऊंनी त्यांना खोड्याच्या दोन बाजूंना उभं केलं आणि अर्धा तास एकमेकांना शिव्या द्यायला लावलं. मध्ये एक जण दमला तर त्याला पाणी पाजून परत सुरू करायला सांगितलं. वारा सगळा निघाल्यावर मग समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या. ते भाऊ पुढं नीट राहिले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यांची मोटारसायकल एका निवृत्त फौजदाराकडून घेतलेली, साडेतीनशे सीसीची, जडशीळ. ती जिथं उभी राहील तिथं तेलाचा डाग पडायचा. गेनभाऊ कुठं गेलेत हे कुणाला विचारावं लागत नसे. डाग बघत निघालं की माणूस सापडायचा. मेस्तऱ्यांनी तिची सगळी गॅस्केटं बदलली, सीलं बदलली, नटबोल्ट आवळून आवळून आटे घालवले. ठिबकणं काही थांबेना. पण तोवर त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

वाटायला लागलं ते डिंगोऱ्याला. गेनभाऊंची थोरली, सुनंदा, लग्नाची झाली होती. डिंगोऱ्याच्या बबनरावांच्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा दुधाच्या टँकरवर, निर्व्यसनी. मुलगी त्यांनी आधीच पसंत केली होती आणि सुनंदालाही मुलगा आवडला होता. पुढचं बोलायला म्हणून गेनभाऊ आपल्या गाडीवरून गेले. आता बबनराव म्हणजे काय प्रकरण होतं हे सांगायला हवं. ह्या माणसानं शेतकरी असून आपल्या घरापुढं अंगणात पांढरी फरशी बसवली होती. दिवसातून दोनदा धोतर खोचून स्वतः पुसायचे. त्या फरशीपायी त्यांच्या म्हशींना परसातून वळसा घालून गोठ्यात जावं लागायचं आणि घरातल्या माणसांनाही. गेनभाऊंनी गाडी लावली ती नेमकी त्या फरशीच्या मधोमध.

चहा झाला, पोहे झाले, सगळं गोडीत झालं. निघताना गाडी हलवली तर खाली परातीएवढा काळा डाग. बबनरावांनी आवाज चढवला नाही, मुलीला नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणाले, "पावणं, ज्याला आपली गाडी आवरंना, त्याच्या घरात शिस्त काय असंल? ठिबकायची थांबली की या. मग बोलू."

परतीच्या वाटेवर खंडोबाचं देऊळ लागतं. गेनभाऊ आत गेले, भंडारा लावला आणि चपला तिथंच दारात सोडून बाहेर आले. इंजिनातून तेलाचा थेंब पडायचा बंद होईपर्यंत पायात वहाण घालणार नाही, असं देवाला सांगून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात अनवाणी आले तेव्हा मला वाटलं चपला चोरीला गेल्या. खरं कळल्यावर मी हसलो आणि मग मला त्यांचा तळपाय दिसला. ती गाडी किक मारून सुरू करताना धडधाकट माणसाचा बूट फाटायचा. हे गृहस्थ अनवाणी पायानं मारायला लागले होते.

बरं, लोकांनी समजावलं नाही असं नाही. सगळा गाव म्हणाला की एसटीनं जा. डबा घेऊन आलेली सुनंदा मला म्हणाली, "डाक्तर, दादांना सांगा की ओ, चालत जावा म्हनावं. माझं लगीन गाडीसंगं हाय का?" मी सांगून पाहिलं. गेनभाऊ म्हणाले की बबनरावांनी गाडीबद्दल शब्द टाकलाय, एसटीनं गेलं तर त्या शब्दाला उत्तर कुठं मिळतं. त्यांच्या डोक्यात एकदा गणित बसलं की ते कुणाच्या बापाला हलायचं नाही.

पहिला उपाय साधा होता. इंजिनाच्या पोटातून एक बारकी नळी बाहेर निघते आणि तेल बघावं तर तिच्या तोंडाशीच जास्त. गेनभाऊंनी बाभळीची खुंटी तासून नळीत ठोकली. दोन दिवस थेंब नाही. गडी खूश. तिसऱ्या दिवशी आम्ही लाळ-खुरकताच्या लसी घेऊन घाटघरला निघालो, मी मागं, मांडीवर बर्फाचा डबा. चढ लागला, गाडी तापली आणि एकदम तिला सगळीकडून घाम फुटला. झाकणातून, सांध्यातून, जिथून तेल कधीच आलं नव्हतं तिथून तेल. माझी पांढरी पँट गुडघ्यापर्यंत काळी झाली. शेवटी फट्‌ असा आवाज झाला आणि खुंटी उडून बांधावर चरणाऱ्या एका शेरडाला लागली. शेरडाला काही झालं नाही, पण त्याच्या मालकिणीनं आमचं कूळ काढलं.

मी शिव्या घालत पँट पिळत होतो. गेनभाऊ रस्त्यातच गुडघे टेकून बसले, स्टेथोस्कोप काढला आणि इंजिनाच्या डाव्या कुशीला लावला. बोटानं टिचकी मारली, पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे बघून असे काही हसले की माझा राग गेला. "डाक्तर, हिला पोटफुगी हाय," ते म्हणाले. "पिस्टन खाली आला की आतला वारा जानार कुठं? नळी बारकी, वारा दांडगा. आपन वाट अडवली की त्यो तेल घिऊन मिळंल त्या फटीतनं निघनार. इतकी वर्सं मेस्तरी फटी बुजवीत बसलं आन कुनी वारा काढला न्हाई."

रजिस्टरातली ती नोंद त्या संध्याकाळची. बारकी नळी काढून त्यांनी ठिबक सिंचनाची जाड नळी बसवली, ती सीटखालून मागं नेली आणि शेवटी सलाईनची रिकामी बाटली लटकवली, म्हणजे वाऱ्याबरोबर आलेलं तेल बाटलीत जमावं. गाडीला सलाईन लावलंय असंच दिसायचं. रस्त्यानं जाताना लोक विचारायचे, "गेनभाऊ, ताप उतरला का हिचा?" ते मान हलवायचे. आणि खरं सांगायचं तर ठिबकणं निम्म्यावर आलं. पण निम्म्यावर. पिस्टन वर गेला की इंजिन तोच वारा परत आत ओढायचं, धुरळ्यासकट, आणि पुन्हा खाली आला की ढकलायचं. हे त्यांना कळत होतं. बाहेर सोडील पण आत येऊ देणार नाही असं दार पाहिजे, असं ते वर्षभर म्हणत होते. गोठ्याच्या फाटकापासून उंदराच्या सापळ्यापर्यंत सगळं बघून झालं. तसं दार काही मिळेना.

आणि मग डिंगोऱ्याहून निरोप आला की मुलाला दुसरं एक स्थळ सांगून आलंय, अक्षय्य तृतीयेच्या आत काय ते करा. त्या आठवड्यात सुनंदा डबा घेऊन आली. डबा ठेवला, बापाच्या भेगाळलेल्या पायांकडं बघितलं आणि गेली. गेनभाऊ जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "गाडी बरी झाली. रविवारी डिंगोऱ्याला चला, साक्षीदार म्हनून."

वाटेत गावाबाहेरच्या ओढ्याशी त्यांनी गाडी थांबवली. म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी देवाचं नाव घेऊन येतो. मी पुढं गेलो. पाऊण तासानं गेनभाऊ गाडी ढकलत आले, घामानं निथळत. पावण्याच्या दारात आवाज नको म्हणून बंद करून आणली, असं त्यांनी सांगितलं. बबनराव खूश झाले. शिस्त दिसली त्यांना.

गाडी फरशीच्या मधोमध उभी केली. बबनरावांनी आतून नवं कोरं धोतर आणलं, चार पदरी घडी घालून इंजिनाखाली अंथरलं आणि जाहीर केलं की दुपारच्या जेवणाला हाक येईपर्यंत थेंब पडला नाही तर सोयरीक झाली. गावात बातमी गेली. बघता बघता वीस-पंचवीस माणसं गाडीभोवती बसली, पाटलांपासून न्हाव्यापर्यंत. चहा झाला. मग सगळे धोतराकडं बघत. एकदा एकदम गलका झाला, कारण धोतरावर काळा ठिपका दिसला. बबनराव चष्मा लावून वाकले तर ठिपका उडून गेला. माशी होती. एक म्हातारबाबा म्हणाले, की माणूस जायला टेकल्यावर सुद्धा एवढी माणसं उशाशी बसत नाहीत.

मी गेनभाऊंकडं बघत होतो. ते गाडीकडं बघतच नव्हते. मान खाली, दोन्ही हातांनी आपली औषधांची पिशवी पोटाशी धरलेली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तेवढ्यात शेजारच्या आळीतून एक माणूस पळत आला. त्याची म्हैस रात्री व्यालेली, आता पाय ताठ करून पडली होती. कॅल्शियम लावायला हवं, क्षणाचा उशीर नको. माझी पिशवी लांब भिंतीशी होती म्हणून मी गेनभाऊंच्या पिशवीत हात घातला आणि बाटली ओढून काढली. अर्धी वर आली तेव्हा मला ती दिसली. सलाईनच्या बाटलीत काठोकाठ काळं तेल. खाली आणखी चार तशाच.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओढ्याशी ह्या माणसानं इंजिन रिकामं केलं होतं. थेंब पडणार कुठून? पंचवीस माणसं एका कोरड्याठाक इंजिनाची राखण करत बसली होती. गेनभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. तशी नजर मी फक्त खोड्यात अडकवलेल्या जनावराची पाहिलीय. बबनराव दोन हातांच्या अंतरावर उभे होते. "ही बाटली मुदतीबाहेरची आहे," मी म्हणालो, ती परत आत ढकलली आणि माझ्या पिशवीतलं कॅल्शियम घेऊन पळालो. सरकारी डॉक्टर असून मी खोटं बोललो आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही. म्हैस उठली. जेवणाची हाक आली. धोतर पांढरंशुभ्र निघालं आणि बबनरावांनी तेच गेनभाऊंच्या खांद्यावर घातलं.

परतताना ओढ्याशी ते सागाच्या पानाचं नरसाळं करून तेल पुन्हा आत ओतत होते. मी तोंड सोडलं, अर्थात. म्हणालो, उद्या कळलं तर मुलीच्या जन्माचं नुकसान. त्यांनी पाचही बाटल्या शेवटच्या थेंबापर्यंत निथळल्या. मग म्हणाले, "पावन्याला फसवलं, पोरीसाठी. आता देवाला नगं." आणि अनवाणी किक मारली.

लग्न थाटात झालं. नवस फिटला असं सगळ्यांनी धरलेलंच, म्हणून मानपानात बबनरावांनी गेनभाऊंना चपलांचा नवा जोड दिला. गेनभाऊंनी तो कपाळाला लावला, पिशवीत घातला आणि दवाखान्यात आणून कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगला. लोक विचारायचे, आता का घालत नाही? कधी म्हणायचे पायाला सवय राहिली नाही, कधी म्हणायचे चावतात. वैशाखात डांबर वितळायचं तेव्हा हा माणूस रस्त्याच्या कडेकडेनं गवतावरून चालायचा आणि मी खिळ्याकडं बघून मान फिरवायचो. चार वर्षं तो जोड तिथं होता. मी दर दिवाळीला त्यावरची धूळ झटकायचो.

सुनंदाला मुलगी झाली. बाळंतपणाला माहेरी आली होती, वरचं दूध सुरू केलं होतं. बाटलीच्या बुचातून, म्हणजे निपलातून, दूध नीट येईना म्हणून सुनंदानं रबरी बुचाला ब्लेडनं चीर दिली. गेनभाऊ नातीला मांडीवर घेऊन पाजत होते. पोर ओढायची तेव्हा चीर उघडायची, थांबली की मिटायची. बाटली दाबली की दूध बाहेर, सोडली की वारा आत जाईना. मला हे सगळं सुनंदानं सांगितलं. म्हणाली, दादांनी पोरीच्या तोंडातलं बूच काढलं आणि तसेच अंगणात पळाले, पोरगी इकडं टाहो फोडतीय.

ते बूच नळीच्या टोकाला बसलं, बाटलीला बसतं तसंच, चिरेचं तोंड बाहेर. इंजिन वारा टाकायचं तेव्हा ओठ उघडायचे, ओढायला गेलं की घट्ट मिटायचे. वर्षानुवर्षं शोधलेलं दार ते हेच. फक्त तेलानं रबर चार दिवसांत वांग्यासारखं फुगायचं, म्हणून दर चार दिवसांनी नवं बूच. नारायणगावचा औषधवाला गडबडला. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, की गेनभाऊंच्या घरात पोरं आहेत तरी किती? आम्ही घाटघरला गेलो, चढाचा दम काढला, परत आलो. मी गाडीखाली रजिस्टरचे कोरे कागद पसरले. सकाळी कागद कोरेच होते. मी ओरडलोच बहुधा. गेनभाऊ म्हणाले, "हितं न्हाई. जिथं सांडलं तिथं."

नातीच्या वाढदिवसाला आम्ही डिंगोऱ्याला गेलो. ह्या वेळी ओढ्याशी थांबलो नाही. गाडी धडधडत थेट फरशीवर नेली आणि गेनभाऊंनी पिशवीतून तेच जुनं धोतर काढून इंजिनाखाली अंथरलं. बबनराव म्हणाले, अहो हे झालंय की मागं. ह्या वेळी बघायला कुणी बसलं नाही. घरात केक होता. गेनभाऊ एकटे उन्हात गाडीसमोर मांडी घालून बसले, नात मधूनमधून येऊन धोतरावरून चालून जायची. जेवायला हाक आली तेव्हा धोतरावर तिच्या पावलांखेरीज काही नव्हतं.

मग ते उठले आणि बबनरावांना सगळं सांगितलं. ओढा, पाच बाटल्या, कोरडं इंजिन. माझं नाव घेतलं नाही. सुनंदा दारात उभी होती, हातातलं ताट तसंच. बबनराव फरशीकडं बघत राहिले. मला वाटलं, संपलं.

"म्हंजी ती सोयरीक खोटी," बबनराव म्हणाले.

"व्हय."

"मग आता आमची सून काय परत मिळायची न्हाई, पावणं. सांगून ठिवतो. पायजे तर फरशी उचलून न्या."

गेनभाऊ रडले. मीही. मी खिळ्यावरचा जोड सोबत आणला होता, तो पुढं ठेवला. त्यांनी तो पायात घातला आणि चार पावलं टाकली, नुकतं जन्मलेलं वासरू टाकतं तशी. पाय पसरून फताडे झालेले, चपला अर्ध्याच आत. नात खदाखदा हसायला लागली.

माझी बदली झाली होती, ऑर्डर खिशात होती, म्हणून मी डिंगोऱ्यातूनच एसटीनं पुढं नव्या गावाला जाणार होतो. गेनभाऊ एकटेच निघाले. गाडीवर बसले, किक मारली, चप्पल सटकली. पुन्हा घालून पुन्हा मारली, ती उडून बबनरावांच्या फरशीवर पडली. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही चपला काढल्या, कपाळाला लावल्या, हँडलला अडकवल्या आणि अनवाणी पायानं एका फटक्यात गाडी सुरू केली. वळणापर्यंत चपला हलताना दिसत होत्या. मग बबनराव फडकं घेऊन आले, सवयीनं गाडीच्या जागी वाकले, आणि पुसायला काही नव्हतं.